डिझाइन लीडरशिपचा कोर्स: आत काय शिकवतात आणि काय आपलं आपल्याला शिकावं लागतं

ऑफिसमधली नवीन पोरं सारखी विचारतात, ताई डिझाइन लीडरशिपचा कोर्स करू का, फायदा होतो का, आणि दर वेळी चहा संपेपर्यंत अर्धवट काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. मी पुण्यात नोकरी सांभाळून वीकेंडचा कोर्स केला, यूएक्समध्ये, म्हणजे वेबसाइट वगैरे लोकांना वापरायला सोप्या करण्याच्या कामात, बरीच वर्षं काढल्यानंतर.

आधी एक गोंधळ मिटवू. ज्यांना अजून मुळात डिझाइनमध्येच यायचंय त्यांनी लीडरशिपच्या भानगडीत पडूच नका, सरळ एम.डेस.ची, म्हणजे डिझाइनमधल्या मास्टर्सची तयारी करा. आयआयटीत जायचं तर सीड ही प्रवेश परीक्षा द्या, ती आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत असते आणि तिच्या दुसऱ्या भागात चक्क कागद-पेन्सिल घेऊन हाताने काढावं लागतं. आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग, आयडीसी, १९६९ पासून आहे, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी, १९६१ पासून, एनआयडीची परीक्षा वेगळी. तिथे हात आणि नजर दोन्ही तयार होतात. लीडरशिपच्या कोर्समध्ये हाताला फार काही मिळत नाही, तिथे सगळा खेळ माणसांचा. वेगवेगळ्या खात्यांतली, वेगवेगळ्या पगाराची, एकमेकांवर फारसा विश्वास नसलेली माणसं एका प्रश्नावर कामाला कशी लावायची, एवढंच शिकायचं असतं, आणि ते वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे.

सुरुवातीला थिअरी येते. डबल डायमंड तर येणारच, ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलची २००४-०५ च्या सुमाराची आकृती, आधी प्रश्न पसरवा मग आवळा, मग उत्तरं पसरवा मग आवळा. सुबक आहे, मॅनेजरला स्लाइडवर दाखवायला बेस्ट, पण खऱ्या कामात एकाच दिवशी सकाळी तुम्ही उत्तराची चाचणी घेत असता आणि संध्याकाळी कळतं की प्रश्नच भलता होता. त्यापेक्षा हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोघांचा १९७३ चा ‘विकेड प्रॉब्लेम्स’वाला पेपर मुळातून वाचा, थोडा जड आहे पण वाचा. शहर नियोजनाच्या अंगाने लिहिलाय आणि मुद्दा असा की काही प्रश्नांची व्याख्याच तुम्ही कोणाला विचारता त्यावर ठरते आणि ‘झालं, सुटला’ असं म्हणायची जागा त्यात येतच नाही. वर्गात ऐकताना मला हे नुसतं भारी भारी बोलणं वाटलं होतं.

मग ग्रुप प्रोजेक्ट आला. एका सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीतली गर्दी. आमच्यात एक आर्किटेक्ट, एक डेव्हलपर, एक बँकेतले प्रॉडक्ट मॅनेजर आणि मी. डेव्हलपरने पहिल्याच दिवशी टोकनच्या अ‍ॅपचे स्क्रीन फिगमा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायला घेतले (प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच, आणि त्याला गप्प बसवू नका, नंतर तोच उपयोगी पडतो). डॉक्टर म्हणाले पेशंट चुकीच्या ओपीडीत येतात. केसपेपरच्या खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या लोक जुना केसपेपर घरी ठेवून येतात आणि मग नव्याने सगळं लिहावं लागतं. बाहेरगावहून आलेल्या एक आजी म्हणाल्या बाळा दुपारची एसटी चुकली की मला इथेच मुक्काम. एकच रांग, आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा.

गेटवर सिक्युरिटीचे मामा होते. त्यांनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने लिहून ग्रिलला सुतळीने बांधलं होतं, ‘केसपेपर इथे नाही. जिन्याखाली. १२ ला बंद.’ बाराच्या खाली दोनदा रेघ मारलेली, आणि पावसाने शाई उतरली की ते परत गिरवायचे. हॉस्पिटलचा अधिकृत बोर्ड होता की, छान निळा, पण आतल्या कॉरिडॉरमध्ये, म्हणजे माणूस चुकून आत पोचल्यावर त्याला कळणार की आपण चुकलो.

आम्ही सगळ्यांना एका खोलीत बसवलं, डॉक्टर, सिस्टर, खिडकीवरच्या मॅडम, मामा. स्टिकी नोट्स वाटल्या. डॉक्टर बोलले, मग सिस्टर डॉक्टरांचंच थोडं पुढे नेऊन बोलल्या, मग सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांसाठी खुर्ची ठेवली होती तरी ते शेवटपर्यंत दाराशी उभे राहिले आणि त्यांच्या हातातलं स्टिकीचं पॅड तसंच कोरं परत आलं.

इथे थिअरी कामाला येते. ब्रेनस्टॉर्मिंग हे अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न नावाच्या जाहिरातवाल्याने लोकप्रिय केलं. १९५८ मध्ये येलच्या संशोधकांनी तपासून बघितलं तर चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्यापेक्षा एकेकटे बसलेले तेवढेच चार जण मिळून जास्त काढतात असं निघालं. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या मानसशास्त्रज्ञांनी कारण शोधलं, एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि त्यात विचार अडतो. आता हे सगळं विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांत, म्हणजे बरोबरीच्या लोकांत. आपल्याकडे तर समोर साहेब बसलेले असतात, तिथे मीटिंगमध्ये ‘चालेल चालेल’ आणि खरं बोलणं जिन्यात.

म्हणून नेहमीचा उपाय म्हणजे आधी गुपचूप लिहायचं मग बोलायचं, आणि पदाने मोठ्या माणसाने सगळ्यात शेवटी. हे ऑफिसात मस्त चालतं, मी आजही करते. पण मामांना चारचौघांत लिहायचंच नव्हतं, तिथे हेही फेल. आमच्या आर्किटेक्टने मीटिंग मधेच आवरली आणि डॉक्टरांना म्हणाला, सर गेटपासून एकदा पेशंटसारखं चालून येऊ, रस्ता मामा दाखवतील. डॉक्टर रोज मागच्या पार्किंगकडून आत यायचे, सकाळी आठचं मेन गेट त्यांनी कितीतरी वर्षांत बघितलंच नव्हतं. चालताना मामा जे सुटले ते थांबेचनात, कुठल्या वारी कुठली ओपीडी नसते, कोण कुठे चुकतं, कुठे लोक चक्कर येऊन बसतात, सगळं. माझ्या मते त्या दिवशी आमच्यातला लीडर तो आर्किटेक्ट होता, आणि त्याने स्वतःची एकही आयडिया मांडली नव्हती.

शेवटी अ‍ॅप झालं नाही. गेटवर मोठ्या अक्षरात वारांप्रमाणे ओपीडी आणि खिडकीची वेळ लागली, मजकूर मामांचा, मांडणी आमची, छापायच्या फाइल्स डेव्हलपरच्या. रांग काही आखूड झाली नाही. चुकीच्या रांगेत उभं राहून परत फिरणारे कमी झाले, असं मामा म्हणाले, तेवढंच.

आता थोडं फटाफट. स्टिकी नोट्सचे विषयवार गठ्ठे करताना नावं आधी ठरवू नका. ही पद्धत जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची, केजे मेथड म्हणतात, त्यात गठ्ठा आधी जमतो आणि नाव नंतर सुचतं. आपले लोक पहिल्या मिनिटाला मिरो या ऑनलाइन फळ्यावर ‘यूजर पेन पॉइंट्स’ (वापरणाऱ्याच्या अडचणी) असा चौकोन काढून मोकळे होतात. लोकांची वाक्यं जशी बोलली तशीच लिहा, आजींची एसटी आमच्या रिपोर्टमध्ये ‘प्रवासाची अडचण’ झाली असती तर ती कोणालाच लक्षात राहिली नसती. निर्णय कोण घेणार हे पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवा, एकमताची वाट बघत बसलात तर जो सगळ्यात जास्त वेळ बसू शकतो त्याचंच खरं होतं. आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाचं प्री-मॉर्टेम जरूर करून बघा, म्हणजे प्रोजेक्ट फसलाच आहे असं धरून चालायचं आणि प्रत्येकाने कारण लिहायचं. साहेबांना विरोध केल्यासारखंही होत नाही त्यामुळे आपल्याकडे हे फार छान चालतं.

इंटरव्ह्यूत फायनल स्क्रीन सगळेच दाखवतात. मी घेते तेव्हा विचारते की काय टाकून दिलं आणि त्यावर कोण भांडलं. त्याचं उत्तर पोर्टफोलिओत असू द्या, एक पान पुरतं.

फी स्वतःच्या खिशातून भरायच्या आधी कंपनीला विचारा, ट्रेनिंगचं बजेट बऱ्याच ठिकाणी पडून असतं. आणि अ‍ॅडमिशन घेण्याआधी मागच्या बॅचच्या कोणाला तरी गाठून एवढंच विचारा की प्रोजेक्ट कुठे केला. नुसत्या छापील केस स्टडीवर झाला असेल तर तो कोर्स सोडा, तेवढं घरी बसून वाचता येतं.