वायरलेस अ‍ॅड हॉक आणि सेन्सर नेटवर्क शिकताना या चुका टाळा

तारांशिवाय, रेडिओने एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या उपकरणांचं (नोडचं) जाळं, हा हा विषय. त्याचा अभ्यास बहुतेक जण प्रोटोकॉलच्या, म्हणजे नोडनी पाळायच्या नियमसंचांच्या, नावांपासून सुरू करतात. एओडीव्ही, डीएसआर, ओएलएसआर (हे तिन्ही पॅकेटचा मार्ग शोधणारे), लीच (नोडचे गट करून ऊर्जा वाचवणारा). प्रत्येकाचे फायदे-तोटे पाठ होतात, आणि ‘मधला नोड हलला तर पुढे काय होईल?’ असा साधा प्रश्न आला की पेन अडतं. हे प्रोटोकॉल ज्या अडचणींवर उपाय म्हणून आले, त्या मुळात रेडिओच्या अडचणी आहेत. आणि रेडिओचं प्रकरण तर सुरुवातीलाच घाईघाईने उरकलेलं असतं. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच सापडतं.

ऊर्जेचा हिशेब उलटा मांडणं

‘पाठवायला जास्त वीज लागते, म्हणून पॅकेट कमी पाठवा’ हे उत्तरपत्रिकांमधलं ठरलेलं वाक्य. आता टेलॉस-बी या अभ्यासात नेहमी भेटणाऱ्या नोडवरची सीसी२४२० रेडिओ चिप पाहा. शून्य डीबीएम (१ मिलिवॅट) शक्तीने पाठवताना ती १७.४ मिलिअँपिअर घेते आणि ऐकताना १८.८. म्हणजे इथे ऐकणंच महाग आहे. शिवाय आसपास कोणी काही पाठवत नसतानाही रेडिओ ऐकत बसला, तरी तेवढीच वीज जाते.

२,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी धरा. रेडिओ सतत ऐकत राहिला तर नोड साधारण १३३ तास चालेल, म्हणजे जेमतेम साडेपाच दिवस. तोच रेडिओ फक्त एक टक्का वेळ चालू ठेवला तर आकडा दीड वर्षापर्यंत जातो. प्रोसेसर, सेन्सर आणि झोपेतला प्रवाह धरल्यावर तो खाली येईल, पण फरक किती मोठा आहे ते कळतं. एस-मॅक, बी-मॅक, एक्स-मॅक या मॅक प्रोटोकॉलची (रेडिओ कधी चालू ठेवायचा, कोणी कधी पाठवायचं हे ठरवणाऱ्या नियमांची) गरज का पडली, हे या एका गणितातून उलगडतं. मॅकच्या धड्याला हात लावण्याआधी हे गणित स्वतः मांडाच, असं मी आग्रहाने सांगेन.

लीचबद्दल लिहिताना एक गोष्ट हमखास सुटते. त्याच्या मूळ मांडणीत प्रत्येक नोड बेस स्टेशनपर्यंत (सगळा डेटा गोळा करणाऱ्या केंद्रापर्यंत) थेट पोहोचू शकतो, असं गृहीत धरलेलं आहे. मोठ्या परिसरात ही अट टिकत नाही. ती न नोंदवता ‘लीचमुळे नेटवर्कचं आयुष्य वाढतं’ एवढंच लिहिणं अपुरं आहे.

रेंज म्हणजे वर्तुळ नव्हे

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत नोडभोवती गोल असतो: आत सगळं ऐकू येतं, बाहेर काहीच नाही. प्रत्यक्षात या दोन्हींच्या मध्ये एक मोठा पट्टा असतो, जिथे काही पॅकेट पोहोचतात आणि काही हरवतात. अ चं ब ला ऐकू येतं, पण ब चं अ ला येत नाही, असंही होतं. हॅलो मेसेज (शेजाऱ्यांना आपलं अस्तित्व कळवणारा संदेश) मिळाला म्हणजे लिंक चांगली, हा समज इथेच कोसळतो. हॅलो लहान असतो आणि ब्रॉडकास्टने, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांना, जातो. त्याला पोच मिळत नाही. मोठं डेटा पॅकेट त्याच लिंकवर हरवू शकतं. फक्त कमीत कमी हॉप (एका नोडवरून दुसऱ्या नोडवरच्या उड्या) मोजणारं राउटिंग नेमक्या अशाच लांब, डळमळीत लिंक निवडतं.

हॉपचा विषय निघालाच आहे, तर एओडीव्हीबद्दल. ‘तो सर्वांत छोटा मार्ग निवडतो’ हे उत्तर अर्धवट आहे. आधी डेस्टिनेशनचा सिक्वेन्स नंबर पाहिला जातो. तो मोठा असेल तर माहिती ताजी, मग मार्ग लांबचा असला तरी चालतो. नंबर सारखे निघाले तरच हॉप मोजायचे. शिळ्या माहितीमुळे पॅकेट गोल गोल फिरत राहू नये, यासाठी ही व्यवस्था आहे. २००३ च्या आरएफसी ३५६१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हे नियम दिले आहेत. कागदावर पाच नोड काढा, एक लिंक तोडा आणि प्रत्येकाचा राउटिंग टेबल हाताने भरा. कुठल्याही नोट्सपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

सिम्युलेशनच्या आलेखावर डोळे झाकून विश्वास

एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली की तंतोतंत तेच उत्तर येतं, कारण रँडम आकड्यांचं बीज ठरलेलं असतं. याला ‘निकाल स्थिर आहे’ असं समजू नका. प्रत्येक वेळी रन नंबर बदला, पुष्कळ रन घ्या आणि आलेखावर सरासरीसोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (सरासरी किती भरवशाची आहे ते सांगणारा पट्टा) दाखवा.

रँडम वेपॉइंट मॉडेल (नोड कुठलंही ठिकाण आणि वेग निवडून तिथे जातो असं मानणारं) वापरताना किमान वेग शून्य ठेवू नका. हळू चालणारे नोड आपल्या प्रवासात अडकून राहतात आणि सरासरी वेग सिम्युलेशनभर घसरत जातो. मग वेगाच्या परिणामाचा तुमचा आलेख भलत्याच वेगाचा असतो. सुरुवातीचा काही काळ मोजमापातून वगळणंही गरजेचं आहे.

अहवालात सिम्युलेटरची आवृत्ती, क्षेत्रफळ, नोडची संख्या, प्रोपगेशन मॉडेल (रेडिओ लहर अंतरानुसार कशी क्षीण होते त्याचं), रनची संख्या हे सगळं लिहा. मोबिहॉक या अ‍ॅड हॉक नेटवर्कवरच्या परिषदेतल्या २००० ते २००५ मधल्या शोधनिबंधांची तपासणी झाली, तेव्हा त्यातले १५ टक्क्यांहूनही कमी निबंध पुन्हा करून पाहता येण्याजोगे निघाले. संशोधकांची ही गत, तर विद्यार्थ्यांनी सुरुवातीपासूनच ही शिस्त लावून घ्यायला हवी.

प्रयोगशाळेत नोड बोलत नाहीत तेव्हा

कोडला दोष देण्याआधी दोन्ही नोडचा चॅनेल आणि पॅन आयडी (नेटवर्कचा ओळख क्रमांक) एकच आहे का ते बघा. मग वायफाय. ८०२.१५.४ या, नोडच्या रेडिओच्या मानकाचे २.४ गिगाहर्ट्झमधले ११ ते २६ हे चॅनेल वायफायच्याच पट्ट्यात येतात. आसपास वायफाय १, ६ आणि ११ वर असेल तर २५ किंवा २६ वापरून पाहा. नोड जमिनीवर ठेवला असेल तर थोडा उंचावर ठेवा, रेंजमध्ये फरक पडतो.

थोडा वेळ चालून नोड बंद पडत असेल तर मेमरीकडे वळा. टेलॉस-बीवर रॅम फक्त १० किलोबाइट आहे. मोठा बफर किंवा खोल रिकर्शन स्टॅकची (मेमरीतल्या त्या जागेची) मर्यादा ओलांडतं आणि नोड आपोआप रीसेट होऊ शकतो.

पॅकेट पोहोचतं, पण आतले आकडे भलतेच दिसतात? पॅकेटचा स्ट्रक्ट (त्यातल्या फील्डची मांडणी) नोडवर आणि संगणकावर एकाच आकाराचा आहे का ते तपासा. टेलॉस-बीच्या एमएसपी४३० प्रोसेसरवर इंट (पूर्णांक) १६ बिटांचा असतो, तुमच्या संगणकावर बहुधा ३२ बिटांचा. पॅडिंगही (फील्डच्या मधे सोडलेले रिकामे बाइट) वेगळं पडतं. फील्डसाठी निश्चित बिटांचे टाइप वापरा, बाइटचा क्रम ठरवून घ्या आणि आलेलं पॅकेट हेक्समध्ये छापून एकेक बाइट जुळवा.