आई-वडिलांच्या म्हातारपणावर एकपात्री प्रयोग उभा करताना

संहिता लिहायला बसण्यापूर्वी किमान महिनाभर आई-वडिलांच्या सवयींची वही ठेवावी. गोळ्यांची डबी उघडण्याची पद्धत, रात्री दाराची कडी दोनदा तपासणे, फोन ठेवण्यापूर्वीचे ठरलेले वाक्य, अशा नोंदींतून पात्र आकाराला येते. ‘मुले परदेशी, म्हातारे एकटे’ या तयार कथानकातून फक्त हुंदका हाती लागतो आणि तो प्रेक्षकांनी अनेकदा ऐकलेला असतो.

आवाज कापरा करून पाठ वाकवणे हा म्हातारपण दाखवण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत खोटा मार्ग आहे. गुडघे दुखणारा माणूस खुर्चीतून उठताना आधी कडेला सरकतो, पावले मागे घेतो, हातांवर भार देतो आणि उभा राहिल्यावर क्षणभर थांबतो. हा क्रम नेमका साधला की वय वेगळे सांगावे लागत नाही. उतारवयात सहसा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात, त्यामुळे बोलणे कानावर पडते, पण ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटून शब्द उलगडत नाहीत. वडिलांचे भलतेच उत्तर या कारणातून आले, तर प्रेक्षक त्यांना न हसता त्यांच्या कानांनी ऐकू लागतात. स्मृतिभ्रंश झालेली आई एकच प्रश्न पाचव्यांदा विचारते तेव्हा तिच्या लेखी तो पहिलाच असतो. म्हणून नटाने तो पाचही वेळा त्याच ताज्या कुतूहलाने विचारावा आणि थकवा केवळ मुलाच्या उत्तरांत वाढू द्यावा. माझ्या मते या विषयातले खरे नाट्य येथेच आहे, आणि त्यासाठी मुलाला निर्दोष ठेवण्याचा मोह टाळावा लागतो.

लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासहून अधिक पात्रे एकट्याने रंगवीत, येथे आई, वडील आणि मुलगा असे तिघेच आहेत, तेव्हा वेशभूषा बदलू नये. बसलेल्या वडिलांची नजर वर, उभ्या मुलाची खाली, अशा दिशा पहिल्या तालमीतच पक्क्या कराव्यात.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. मंडळाकडे ती पाठवण्याआधी आई-वडिलांना वाचून दाखवावी आणि ते ‘हे नको’ म्हणतील तो प्रसंग, कितीही रंगणारा असला तरी, काढून टाकावा. ज्यांना आता समजून होकार देता येत नाही, त्यांचे न्हाणीघरातले, अंथरुणातले प्रसंग रंगमंचावर आणूच नयेत.