आधी टाकी बघा, मग बोर्ड घ्या

आमचा भाचा लातूरला डिप्लोमाला आहे, त्यानं परवा विचारलं मामा आर्डुइनो घेऊ का ईएसपी३२ (दोन्ही प्रोग्राम टाकून सेन्सर-मोटर चालवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड). मी म्हणलं आधी करायचं काय ते सांग. तर म्हणे ते अजून ठरलं नाही. घ्या! लोक आधी बोर्ड मागवतात, मग त्याला काम शोधत बसतात अन् बोर्ड पडून राहतो कपाटात. म्हणून एकच काम धरून सांगतो, टाकी भरली की मोटर बंद झाली पाहिजे. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं गच्चीवरची टाकी वाहायली की जीवाला लागतं राव.

नुसती मोटर बंद व्हावी, मोबाईल-बिबाईल काही नको, एवढंच असेल तर आर्डुइनो नॅनो घ्या अन् मोकळे व्हा. साध्या नॅनोत अन् त्याच्या मोठ्या भावात, ऊनो आर३ मध्ये, चिप एकच, एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ, ३२ केबी फ्लॅश अन् रॅम फक्त २ केबी. २ केबी ऐकून तोंड वाकडं करू नका, एक सेन्सर वाचून एक रिले (बोर्डाच्या हुकमावर चालणारा स्विच) पाडायला ती लई झाली. ५ व्होल्टवर चालतो म्हणून बरेचसे सेन्सर सरळ जोडता येतात. एकदम पहिल्यांदाच शिकत असाल तर सॉकेटवाला ऊनो घ्या, चिप जळली तर उपसून दुसरी बसवता येते, अन् पहिली चिप जळतेच.

आर्डुइनोचं डिझाइन ओपन आहे त्यामुळं कॉपी बोर्ड भरपूर मिळतात, मी पण तेच वापरतो. त्यावर यूएसबीसाठी बहुतेक सीएच३४० चिप असते, लॅपटॉपला पोर्ट दिसलं नाही तर तिचा ड्रायव्हर टाका, तरी नॅनोवर अपलोड अडकलं तर आर्डुइनो आयडीईत (प्रोग्राम टाकायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोसेसरच्या मेनूत ओल्ड बूटलोडर निवडून बघा. अन् त्याच्याही आधी केबल बदलून बघा. मी एकदा अख्खी संध्याकाळ बोर्डाला शिव्या घातल्या अन् शेवटी कळलं केबल नुसती चार्जिंगची हाय, आत डेटाच्या वायरीच नाहीत.

टाकी किती भरली ते मोबाईलवर बघायचं म्हणलं की मग ईएसपी३२. वायफाय, ब्लूटूथ दोन्ही आतच, २४० मेगाहर्ट्झपर्यंत पळतो, अन् खरं सांगायचं तर ओरिजिनल ऊनोपेक्षा स्वस्त पडतो. पण ह्याच्या खोड्या आहेत. हा ३.३ व्होल्टचा गडी, पिनला ५ व्होल्ट दिले की गेला. टाकीसाठी सगळे एचसी-एसआर०४ (आवाजाच्या लहरीनं अंतर मोजणारा सेन्सर) लावतात, त्याची इको पिन ५ व्होल्ट परत फेकते, तर इको अन् बोर्डाच्या पिनच्या मधात १के अन् पिनपासून ग्राउंडला २के रझिस्टर लावा, बरोबर ३.३ होतात. (टाकीत तो वाफेनं खराब होतो, वॉटरप्रूफवाला जेएसएन-एसआर०४टी घ्या, फक्त तो जवळचं साधारण २० सेंटीमीटर मोजत नाही, म्हणून जरा वर बसवा.) ३४ ते ३९ पिना नुसत्या इनपुटच्या, तिथं रिले चालणार नाही. ०, २, १२, १५ ह्या पिना बोर्ड चालू होताना स्वतःच वापरतो, तिथं रिले लावला तर लाईट आली की उगंच कटकट करू शकतो, आपल्याकडं लाईट दिवसातून किती बार जाते ते सांगायला नको. मी २५, २६, २७ वापरतो. अन् वायफाय चालू असताना एडीसी२ च्या (ॲनालॉग वाचायच्या दुसऱ्या गटातल्या) पिनांवर ॲनालॉग वाचन होत नाही, सेन्सर खराब म्हणून फेकू नका, ३२ ते ३९ मधल्या पिनवर लावा.

राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर साधा ईएसपी३२ जोडलाच जाणार नाही, त्याला २.४ च लागतं.

आता शेतातली विहीर. घरचं वायफाय तिथं पोचत नाही, तिथं बोर्डापेक्षा सिग्नलचा विचार आधी. घर अन् विहीर एकाच शिवारात असेल तर लोरा (लांबवर जाणारा, कमी विजेचा रेडिओ) मॉड्यूल, आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही, तोच बँड बघून घ्या. सिमवालं करायचं तर स्वस्त म्हणून एसआयएम८००एल घेऊ नका, ते २जी हाय, जिओचं सिम त्यात चालतच नाही, अन् झटक्याला २ ॲम्पिअरपर्यंत ओढतं, बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून दिलं की रिसेट होत राहतं. ४जी मॉड्यूल घ्या, वेगळ्या सप्लायवर. सोलार-बॅटरीवर चालवायचं असेल तर मल्टिमीटर लावून मोजा, चिप झोपली तरी बोर्डावरचा पॉवर एलईडी अन् रेग्युलेटर खातच राहतात.

पायथॉन भाषा येत असेल तर रास्पबेरी पायचा छोटा बोर्ड पिको डब्ल्यू पण बघा, साध्या पिकोत वायफाय नाही हे ध्यानात ठेवा, दिसायला दोघं भाऊच.

अन् रिलेवर १० ॲम्पिअर लिहिलंय म्हणून मोटर त्यावर सरळ लावू नका. रिलेनं फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची (मोटरचा मोठा स्विच) कॉइल तोडायची, थ्री फेजचं तर विचारूच नका, तेवढ्यापुरता वायरमन बोलवा. प्रोग्राम सुरू झाला की पहिल्या ओळीत रिले बंद करा, नायतर रात्री लाईट आली की मोटर आपोआप सुरू अन् तुम्ही झोपेत.

भाच्याला मी ईएसपी३२ च सांगितला. दोन मागव म्हणलं, एक जळायला.