नाथ पैंच्या निमित्ताने: विरोधी खासदाराचे संसदेतील काम कसे अभ्यासावे

एखाद्या विरोधी खासदाराने राष्ट्रीय धोरणाच्या चर्चेत नेमकी काय भर घातली, हे जाणून घ्यायचे असेल तर आपण सहसा दोन ठिकाणी जातो. एक तर त्याच्या गाजलेल्या भाषणांच्या आठवणींकडे वळतो, नाहीतर त्याने किती प्रश्न विचारले आणि किती चर्चांत भाग घेतला याची आकडेवारी पाहतो. आठवणींत वक्तृत्व शिल्लक राहते आणि मुद्दा गळून पडतो, तर आकडेवारीत एका ओळीचा प्रश्न आणि वर्षभर लावून धरलेले विधेयक यांचे वजन सारखेच भरते. संसदेतले भाषण कधीच एकट्याचे नसते. त्याला मंत्र्याचे उत्तर असते, इतर सदस्यांचा प्रतिवाद असतो, शेवटी मतदान असते आणि कित्येकदा त्याचा खरा निकाल काही वर्षांनी, वक्ता सभागृहात नसताना लागतो. म्हणून सदस्याची सगळी भाषणे ओळीने वाचण्याऐवजी त्याचा एकच विषय धरावा आणि तो उगमापासून शेवटपर्यंत वाचत जावे, अशी पद्धत मी सुचवतो.

उदाहरणासाठी बॅरिस्टर नाथ पै घेऊ. वेंगुर्ल्याचे नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि १८ जानेवारी १९७१ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी गेले. कोकणातल्या जुन्या पिढीला त्यांचे वक्तृत्व अजून आठवते. मात्र त्यांचे संसदेतील सर्वांत दूरगामी काम भाषणापेक्षा एका अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या, विधेयकात आहे, आणि ते विधेयक मंजूर झाले नाही.

पहिली पायरी म्हणजे तारीख निश्चित करणे आणि त्या तारखेच्या आधी काय घडले होते ते लिहून काढणे. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने ६ विरुद्ध ५ अशा बहुमताने निकाल दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही. पूर्वीच्या दुरुस्त्या न्यायालयाने कायम ठेवल्या, पण पुढचा दरवाजा बंद केला. त्यानंतर अवघ्या ३९ दिवसांनी, ७ एप्रिल १९६७ रोजी, नाथ पैंनी घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या अनुच्छेद ३६८ मध्ये दुरुस्ती सुचवणारे विधेयक लोकसभेत मांडले. मूलभूत हक्कांसह संविधानाच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट शब्दांत नोंदवावा, हा त्याचा गाभा होता. एवढ्या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्या तरी एक गोष्ट ध्यानात येते: सरकारने आपली भूमिका विधेयकाच्या रूपाने मांडण्याआधी तेरा सदस्यांच्या पक्षाचा एक खासदार उभा राहिला होता. प्रजा समाजवादी पक्षाला त्या लोकसभेत ५२० पैकी १३ जागा होत्या. चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जातो, त्यामुळे छोट्या पक्षाच्या सदस्याच्या वाट्याला किती मिनिटे येतात हे डोळ्यांसमोर ठेवूनच त्याचे भाषण वाचावे.

दुसरी पायरी मूळ कागद मिळवण्याची. लोकसभेच्या जुन्या कामकाजाचे खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात स्कॅन करून ठेवलेले आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तिथे शोधताना नाव रोमन लिपीत, आणि आडनाव आधी व नंतर अशा दोन्ही प्रकारे घालून पाहावे, कारण जुन्या छपाईची अक्षरे संगणकाला नीट वाचता येत नाहीत आणि शोधात काही सापडले नाही याचा अर्थ सदस्य बोलला नाही असा होत नाही. तारीख ठाऊक असेल तर थेट त्या दिवसाचा खंड उघडणे केव्हाही चांगले. ७ एप्रिल १९६७ हा शुक्रवार होता आणि ते स्वाभाविकच आहे, कारण अशासकीय सदस्यांच्या कामकाजासाठी आठवड्यातला हाच दिवस, तोही दुपारनंतरचा शेवटचा अडीच तासांचा भाग, राखून ठेवण्याची प्रथा आहे. अशासकीय विधेयक शोधायचे असेल तर शुक्रवारची शेवटची पाने आधी चाळावीत.

खंडाचे पान कसे वाचायचे हेही शिकावे लागते. सदस्याच्या नावापुढे कंसात त्याचा मतदारसंघ असतो. मध्येच घड्याळातली वेळ छापलेली असते, तिच्यावरून चर्चा किती वेळ चालली याचा अंदाज येतो. कंसात ‘व्यवधान’ असा शब्द आला की तिथे गदारोळ झाला असे समजावे, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे वाक्य सावकाश वाचावे, कारण सरकारी बाकांना नेमके काय झोंबले ते बहुधा तिथेच सापडते. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द छापले जात नाहीत, त्यांच्या जागी खुणा असतात. त्या जागी वर्तमानपत्रातून मिळालेला मजकूर आपल्या मनाने भरू नये.

तिसरी पायरी अनेक जण गाळतात. भाषण कोणत्या आयुधाखाली, म्हणजे प्रश्न, चर्चा, प्रस्ताव अशा कोणत्या संसदीय साधनाखाली, झाले ते पाहावे, कारण सरकारवर येणारे बंधन त्यावर ठरते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. नियम १९३ खालच्या अल्पकालीन चर्चेत मतदान होत नाही, नियम १८४ खालच्या प्रस्तावावर होते, आणि म्हणूनच कोणत्या नियमाखाली चर्चा घ्यायची यावरून विरोधक आणि सरकार दिवसेंदिवस भांडतात. हे भांडण वाचकाला तांत्रिक वाटते, पण तेच खरे राजकारण आहे. अर्थसंकल्पावरील कपात सूचनाही अशाच वाचाव्यात: मागणी १ रुपयापर्यंत खाली आणण्याची सूचना धोरणालाच नापसंती दर्शवते, तर १०० रुपयांची कपात एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडण्यासाठी असते. सदस्याने यांपैकी कोणती निवडली, त्यावरून त्याला धोरण मोडून काढायचे होते की त्यातली एक त्रुटी दाखवायची होती, हे कळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे उत्तर वाचणे. विरोधी सदस्याचे भाषण सुटे वाचले तर तो नेहमीच जिंकलेला दिसतो. ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारवर पहिला अविश्वास प्रस्ताव आला, तेव्हा समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी हिंदीतून सांगितले की देशातील २७ कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात. आणे व्यवहारातून मागे पडून सहा वर्षे झाली होती आणि तीन आणे म्हणजे जेमतेम १९ नवे पैसे होत होते, पण लोकांच्या कानाला आण्याचीच भाषा कळत होती. नेहरूंनी उत्तर दिले की हा आकडा पंधरा आणे आहे. पुढे मंत्री गुलझारीलाल नंदांकडून तळच्या साठ टक्के लोकांसाठी साडेसात आण्यांचा आकडा आला. तीन, साडेसात आणि पंधरा हे आकडे एका कागदावर मांडून प्रत्येकापुढे ‘कोणाचे?’ हा प्रश्न लिहावा. पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी आहे, साडेसात आणे ही तळच्या साठ टक्क्यांची आहे. म्हणजे लोहियांचा आकडा जसाच्या तसा मान्य झाला नाही, पण सरासरीच्या आड गरीब दडवला जातो हा त्यांचा मुद्दा सरकारच्याच दुसऱ्या उत्तराने सिद्ध केला. हे केवळ लोहियांचे भाषण वाचून कळणार नाही. अविश्वास प्रस्ताव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, तरीही दारिद्र्य मोजावे कसे या वादाला त्या अधिवेशनाने जी धार आणली ती मतांच्या आकड्यांत मावत नाही.

उत्तरात मंत्र्याने ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’ किंवा ‘विचार करू’ असे म्हटले असेल तर ते वाक्य अधोरेखित करावे. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी सभागृहाची स्वतंत्र समिती आहे, आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते आणि समितीच्या अहवालांत प्रलंबित राहिलेल्या आश्वासनांचा हिशेब सापडतो. एखाद्या सदस्याने मिळवलेली आश्वासने आणि त्यांपैकी पाळली गेलेली आश्वासने यांची यादी मला त्याच्या शंभर भाषणांपेक्षा अधिक विश्वासाची वाटते.

नाथ पैंच्या विधेयकाकडे परत येऊ. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तिचा अहवाल आला, पुन्हा चर्चा झाली, पण मंजुरीपर्यंत ते पोहोचले नाही. का, हे समजण्यासाठी भाषणे बाजूला ठेवून सभागृहाचे गणित पाहावे. घटनादुरुस्तीला उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश सदस्यांचे बहुमत लागते आणि १९६७ मध्ये काँग्रेसकडे ५२० पैकी २८३ जागा होत्या; १९६९ मध्ये तो पक्षही फुटला. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली, आणि प्रलंबित विधेयक लोकसभेबरोबर व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. तीन आठवड्यांनी नाथ पै गेले. मार्च १९७१ च्या निवडणुकीत काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी सरकारने, संविधानाच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारी, २४ वी घटनादुरुस्ती आणली. ५ नोव्हेंबर १९७१ रोजी तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या दुरुस्तीचा मजकूर आणि नाथ पैंच्या विधेयकाचा मजकूर शेजारीशेजारी ठेवून वाचावा. विरोधी सदस्याचा विचार सरकारच्या कायद्यात कसा उतरतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळते. आजपर्यंत संसदेने १४ च अशासकीय विधेयके मंजूर केली आहेत, त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. केवळ ‘मंजूर की नामंजूर’ हा निकष लावला तर नाथ पैंच्या या कामापुढे शून्यच मांडावे लागेल.

पण इथे थांबून विधेयकाच्या विरोधकांची भाषणेही तितक्याच आदराने वाचावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. लोकांनी निवडलेली संसद श्रेष्ठ, की बहुमतालाही हात लावता येणार नाहीत असे काही हक्क असावेत, हा खरा वाद होता, आणि नाथ पै लोकसार्वभौमत्वाच्या बाजूने उभे होते. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी आणीबाणी आली आणि १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कसलीच मर्यादा नाही असे म्हणण्यापर्यंत मजल गेली; १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ती तरतूद रद्द झाली. त्याआधी १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ मतांनी मधला मार्ग काढला होता: २४ वी दुरुस्ती वैध, संसदेला कोणत्याही भागात बदल करता येईल, मात्र संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. नाथ पैंवर माझे प्रेम आहे, पण त्यांच्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांना १९६७ मध्येच पुढचा धोका दिसत होता, हे मान्य केल्याशिवाय त्या चर्चेची उंची कळत नाही. तसेच १९७५ चे ज्ञान घेऊन १९६७ च्या वक्त्याला दोषी ठरवणेही अन्यायाचे आहे. त्यांच्यासमोर मालमत्तेच्या हक्कात अडकलेल्या जमीन सुधारणा होत्या. गोलकनाथ हा खटलाही पंजाबातील जमीनधारणेच्या कायद्यावरूनच उभा राहिला होता.

आजच्या खासदाराचा अभ्यास करायचा असेल तर दोन बदल ध्यानात ठेवावेत. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे मतविभागणीची यादी आता सदस्याचे स्वतःचे मत फारसे सांगत नाही. ते त्याने सुचवलेल्या दुरुस्त्यांत शोधावे आणि समितीच्या अहवालाला जोडलेल्या भिन्नमतपत्रिकेत, म्हणजे असहमत सदस्याच्या लेखी टिपणात, शोधावे. दुसरे म्हणजे १९९३ पासून एकेका मंत्रालयाचे काम तपासणाऱ्या विभागवार स्थायी समित्यांत बरेचसे काम होते, त्यांच्या बैठका बंद दाराआड असतात आणि सदस्याची मेहनत भाषणात नव्हे, अहवालात मुरलेली असते. १९६७ पासून सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. तुमचा सदस्य त्या समितीवर असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

वहीत प्रत्येक विषयाला एक पान द्यावे आणि त्यावर पाचच नोंदी असाव्यात: तारीख, आयुध, सदस्याची नेमकी मागणी एका वाक्यात, मंत्र्याचे उत्तर एका वाक्यात, आणि पुढे काय झाले. शेवटची जागा बराच काळ कोरी राहील. नाथ पैंच्या पानावर ती जागा भरायला ५ नोव्हेंबर १९७१ पर्यंत जावे लागते, आणि मग त्याच ओळीत २४ एप्रिल १९७३ हा केशवानंद निकालाचा दिवसही लिहावा लागतो.