घरपट्टीवर आईचं नाव कसं लागलं

वडील जाऊन दोन वर्षं झाली तरी आमच्या ऐरोलीच्या घराच्या मालमत्ता कराचं बिल त्यांच्याच नावाने येत होतं. वारस नोंदीचे कागद कधीचे दिले होते. खिडकीवर मात्र ठरलेलं उत्तर, "साहेब रजेवर."

आई म्हणाली, "माजी नगरसेवकांकडे जाऊन बघ." मला शिफारसपत्र हवं होतं, आपली झेप तेवढीच! भाऊंनी पत्र दिलंच नाही. चष्मा कपाळावर सारून विचारलं, "पोच कुठाय?" माझ्याकडे झेरॉक्सवरचा पुसट शिक्का, तारीखही लागेना.

"मग अर्ज केलाच नाहीस असं समज."

लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, हे मला तेव्हा कळलं. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेच्या अर्जाला क्रमांकासह पोच मिळते. सेवेसाठी ठरलेली मुदत टळली की ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

नवा अर्ज केला, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी अपील टाकलं. सुनावणीआधीच फोन आला, "नोंद झालीये, घेऊन जा."

आईच्या नावातली वेलांटी तेवढी चुकलीये. पुन्हा अर्ज, पुन्हा पोच.