नॅरोबोट आणि लहरी हवामान : या चुका टाळा

"दादा, पाऊस थांबलाय. निघू ना आता?"

ऑक्टोबरची सुट्टी लागली की हा फोन येतोच. इंग्लंडातली आपली मंडळी आठवडाभरासाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांवरची लांब अरुंद बोट, भाड्याने घेतात, तिसऱ्या दिवशी पावसात अडकतात आणि उन्हाची तिरीप दिसली रे दिसली की दोर सोडायला धावतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : आभाळाचं राहू दे, लॉकपाशी पट्टीवर पाणी कुठल्या रंगाला लागलंय ते सांग. (लॉक म्हणजे बोट वर-खाली न्यायचं, दोन्हीकडे दारं असलेलं कुंड. नदीत उतरायच्या जागी तिथे पाण्याची पातळी दाखवणारी हिरवी-पिवळी-लाल पट्टी असते.)

पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असं समजणं ही सगळ्यात मोठी चूक. कालव्याचं पाणी शांत असतं हे खरं, पण बरेच कालवे मध्येच नदीत उतरतात. ट्रेंट अँड मर्सी कालवा ऑलरवस गावाच्या लॉकखाली थेट ट्रेंट नदीत शिरतो आणि थोडं अंतर नदीतूनच जातो. काही वर्षांपूर्वी आम्ही तिथे पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. पट्टीवर पाणी पिवळ्याच्या वरच्या टोकाला, लालपासून चार बोटं खाली. मित्राला शुक्रवारी बोट परत करायची होती. तो म्हणाला, "पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे." मी ऐकलं.

लॉकमधून नाक बाहेर पडताच नदीने ते ओढून घेतलं. पुढे बाजूला वियर आहे, म्हणजे जादा पाणी सोडणारा सांडवा. सगळी ओढ तिकडे. सत्तावन्न फुटांची, पंधरा टनांच्या वरची बोट आडवी सरकायला लागली. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, पूर्ण दाबून इंजिनाचा सगळा जोर लावला, तरी बोट वियरवरच्या पादचारी पुलाला खरवडत गेली. पुढच्या डेकवर मित्राची आठ वर्षांची मुलगी बसली होती, अंगात लाइफ जॅकेट नाही. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मी कोल्हापूरचा. मला हे कळायलाच हवं होतं. शहरात ऊन असतं, वर राधानगरीचे दरवाजे उघडतात आणि पंचगंगा चढतच राहते. आमच्याकडे पावसाळ्यात कुणी आभाळ बघत नाही. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं ते विचारतात. 39 ला इशारा, 43 ला धोका. ट्रेंटचंही तसंच. ती बिडल्फ मूरवरून स्टोकमार्गे येते. वर पडलेला पाऊस खाली पोचायला वेळ लागतो.

तेव्हापासून माझी सवय अशी : रात्री काठावर पाण्याच्या रेषेत एक काठी रोवायची आणि सकाळी चहाआधी बघायची. पाणी चढत असेल तर पट्टी हिरवी असली तरी नदीत जायचं नाही. पिवळ्यावर नवख्यांनी जाऊच नये, आणि लालवर कुणीच नाही. बोट परत द्यायची तारीख गाठण्यासाठी जीव धोक्यात घालू नका. बोटवाल्यांना फोन करा, बोट आहे तिथेच बांधा, ट्रेनने घरी जा. आणि नदीवर लाइफ जॅकेट सगळ्यांना, नांगर दोरासकट पुढे तयार.

दुसरी चूक वाऱ्याची. लोक मोबाइलवर पावसाचं चित्र बघतात, वाऱ्याचे झोत बघत नाहीत. नॅरोबोटीचा तळ सपाट, खाली कणा नाही आणि बाजू भिंतीसारखी. वारा तिला सहज ढकलतो. घाबरून नवशिके वेग अगदी कमी करतात आणि तिथेच फसतात. बोटीखालच्या पंख्याने (प्रॉपेलरने) पाणी मागे फेकलं तरच सुकाणूला धार येते. कालव्यावर ताशी 4 मैलांची मर्यादा आहे, ती पाळा, पण मोकळ्या जागी बोट रेंगाळू देऊ नका. नाक थोडं वाऱ्याकडे ठेवून चला. आणि रिव्हर्समध्ये बोट वळत नाही, हे आधीच लक्षात असू द्या. ताशी 25 मैलांच्या वर झोत असतील तर मी दोर सोडत नाही. त्या दिवशी डाळ-तांदळाची खिचडी आणि पत्ते.

बांधण्याची घाई तर बघवत नाही. भिजलेल्या काठावर एक खुंटी ठोकली की काम झालं, असं वाटतं. शेजारून एखादी बोट जोरात गेली की ती खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. मी प्रत्येक टोकाला दोन खुंट्या तिरप्या, एकमेकींना छेदून ठोकतो. काठाला लोखंडी पत्रे असतील तर खुंटीऐवजी हुक किंवा साखळी. मधला दोर रात्रभर बांधून ठेवू नका, त्याने बोट कलते. नदीवर दोर ताणून बांधू नका. पाणी चढलं तर बोटीला वर यायला जागा हवी. मी रात्री एकदा टॉर्च घेऊन बघून येतो.

बाकीचं थोडक्यात. टिलरवर छत्री नको, चांगला रेनकोट घ्या. लॉकमधून खाली उतरताना टोपी मागे सारून बोटीच्या मागच्या टोकाकडे बघत राहा. ते सिलवर, म्हणजे वरच्या दाराखालच्या दगडी पायरीवर, टेकलं तर बोट तिरपी होऊन बुडते. वादळानंतर पाण्यात फांद्या आणि पिशव्या असतात. पंखा मोकळा करताना इंजिनाची किल्ली आपल्या खिशात ठेवा, आणि वीड हॅचचं, म्हणजे पंख्यापर्यंत हात घालायच्या तोंडाचं, झाकण घट्ट आवळल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

थंडी वाजते म्हणून हवेची छिद्रं फडक्याने बुजवणारे दरवर्षी दिसतात. आत शेगडी जळत असते. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म एप्रिल 2019 पासून सक्तीचा आहे. बोट ताब्यात घेताना त्याचं बटण दाबून आवाज ऐका. मी माझा स्वतःचा एक जास्तीचा बॅगेत नेतो आणि झोपायच्या जागी लावतो.