मेलमधला गिचमिडा वाचायला शिका

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायला लागलो, त्याच आठवड्यात एका पार्टीचा ऑर्डरचा मेल आला. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', मग दोन विचित्र चिन्हं, पुन्हा तोच 'ए'. अकाउंटचे काका म्हणाले, "व्हायरस हाय बे, उडव." मी उडवणारच होतो.

मजकूर आत शाबूत होता. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरने अक्षरं आकड्यांत साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइटांचं (तीन आकड्यांचं) असतं. ते विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपी भाषांची जुनी पद्धत, एका बाइटाला एकच चिन्ह) समजून वाचलं की एकाची तीन चिन्हं होतात. पहिलं कायम तो 'ए'. दुसरं नीट बघा, आपल्या तीन भाषांच्या सोलापुरात ते फार कामाचं. चार शेंड्यांचं वर्तुळ किंवा जपानी येन दिसला तर मराठी (किंवा हिंदी). तापमानाचं अंशचिन्ह किंवा अधिक-उणे असेल तर तेलुगू. वर चढवलेला बारका २ किंवा ३ आला की कन्नड. काकांना हे दाखवलं तेव्हा कुठे त्यांचा माझ्यावर विश्वास बसला.

आता दुरुस्ती. स्क्रीनवरचा गिचमिडा कॉपी करून सुधारत बसू नका. पाय मोडण्याच्या चिन्हाचा शेवटचा बाइट विंडोज-१२५२मध्ये नेमका रिकाम्या जागेवर पडतो, तो वाटेत गळला की 'अक्कलकोट'चं जोडाक्षर गेलंच. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडा, कंटेंट-टाइपच्या ओळीत कॅरसेट (मजकूर कोणत्या पद्धतीने वाचायचा ते) काय लिहिलंय ते बघा. ते चुकलेलं किंवा गायब असेल, तर दोष पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरचा. तिथेच विषयाच्या ओळीत ४-के-एस, ४-के-डब्ल्यू असं पुन्हापुन्हा दिसलं तर घाबरू नका, ती बेस-६४मध्ये (बाइट साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत लिहायची पद्धत) बांधलेली देवनागरी आहे.

चौकोन दिसले तर बहुतेक तुमच्याकडे तो फॉन्ट नाही, एवढंच. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मूळ बाइटच गेले. मी एकदा पार्ट्यांच्या नावांची फाइल नोटपॅडमध्ये एएनएसआय (देवनागरी नसलेली जुनी पद्धत) ठेवून सेव्ह केली आणि सगळी नावं प्रश्नचिन्हं झाली. मुकाट्याने फोन करून यादी परत मागवली.

नुसती इंग्रजी अक्षरं वेडीवाकडी आली, तर कुणीतरी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. इथे कॅरसेट बदलून काही होत नाही, त्या फॉन्टचा कन्व्हर्टरच लागतो.

आणि मेलसोबतची सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट' घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.